शेडातली पाहुणी

भारतात तयार झालेली एकच वस्तू माझ्या भाटव्यांना आजवर निर्दोष वाटत आली आहे, आणि ती म्हणजे ते स्वतः. बाकी सगळ्यात, नखं कापायच्या यंत्रापासून सिमेंटच्या रस्त्यापर्यंत आणि साळ्यापासून सरकारपर्यंत, त्यांना कुठे ना कुठे देशी हाताचा दोष सापडतोच. थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या झाडीपट्टीत भाटवे म्हणतात. त्या बहिणीला मी लहानपणापासून नुसतं ‘बाई’ म्हणत आलो. बाई गेली त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. भाटव्यांविषयी लिहिताना हात थोडा कडू होईल, हे आधीच सांगून ठेवतो. तरीही ते माझे आवडते गृहस्थ आहेत, आणि हे सांगायला मला अलीकडे जास्त वेळ लागतो, एवढंच.

भाटवे माजरीच्या कोळसा खाणीत, वर्कशॉपमध्ये फिटर होते. खाणीत बाहेर देशातून एक अजस्र यंत्र आलं होतं, दोन मजली घराएवढं. ते जोडायला एक गोरा इंजिनियर आला, उन्हानं लाल होऊन चार महिने राहिला आणि जाताना भाटव्यांच्या पाठीवर थाप मारून आपला एक पाना त्यांना देऊन गेला. थाप मारताना तो काय बोलला ते भाटव्यांना कळलं नव्हतं, पण पुढची सगळी वर्षं ते त्याचा अर्थ सांगत राहिले, आणि दर वर्षी तो अर्थ थोडा थोडा वाढत गेला. शेवटी शेवटी तर त्या माणसानं त्यांना आपल्या देशातच बोलावलं होतं, पण बाईच्या हातचं जेवण सोडून जायला भाटव्यांनीच नकार दिला होता. पाना मात्र खरा होता. दसऱ्याला शस्त्रपूजेत तो विळ्याच्या आणि कुऱ्हाडीच्या वरच्या अंगाला असे.

तेव्हापासून त्यांना सवय लागली, हातात येईल ती वस्तू उलटी करून पाहायची. ती कुठे बनली ते वाचल्याशिवाय त्यांना तिच्यावर डोळे ठरवता येत नसत. माझ्या घरी आले की पहिला चहा बशीत सांडायचा, कारण कपाच्या बुडाशी काय लिहिलंय ते पाहायचं असे. मी भिंतीवर नवं घड्याळ लावलं तर ते खाली उतरवून त्याची पाठ वाचून झाली, मग म्हणाले, “पुस्तकवाले, हे घड्याळ मागं पडन.” मी ग्रंथपाल होतो, म्हणून मी पुस्तकवाले. घड्याळ खरंच मागे पडलं, कारण त्यांनी ते परत लावताना त्याचा सेल अर्धवट बसवला होता. एकदा त्यांच्या गावच्या, भद्रावतीच्या बाजारात गणपतीची मूर्ती पसंत करायला गेलो, तर भाटव्यांनी गजाननालाच उचलून आडवं केलं आणि बुडाशी डोळे नेले. बाईनं त्यांचा हात धरला. “आवो, देव हाय तो. त्याले तरी इथचाच राहू द्या.”

पण त्यांचा खरा विषय मोटारगाड्या. कोणाचीही गाडी दारात थांबली की भाटवे पुढे होऊन स्वतः दार उघडत, पाहुण्याला उतरवून घेत, आणि दार लावत. मग ते पुन्हा उघडत आणि पुन्हा लावत. पाहुण्याला वाटे, काय हा आदर. भाटवे आवाज ऐकत असत. परदेशी गाडीचं दार लागताना भाकरी तव्यावर टाकल्यासारखा आवाज करतं आणि देशी गाडीचं दार पिंप गडगडल्यासारखा, हा त्यांचा सिद्धांत. मूल गावी एका लग्नात मुलीच्या बापानं जावयाला दिलेली नवीकोरी गाडी मांडवाच्या तोंडाशी फुलं लावून उभी होती. भाटव्यांनी दार उघडून लावलं आणि भर वऱ्हाडात त्या बापाला सांगितलं, “पोरगी चांगली हाय जी तुमची. गाडीचं मातर पाह्यजा.” आम्ही जेवणाची पंगत सोडून निघालो. बाई वाटेत एवढंच म्हणाली, “बुंदी तरी खाऊ द्याची होती.”

निवृत्तीनंतर त्यांनी आपला सिद्धांत विकत घेतला. वीज केंद्रातला एक मोठा साहेब बदली होऊन चालला होता. त्याच्याकडे बाहेर देशातून सबंधच्या सबंध तयार होऊन आलेली एक गाडी होती, पांढरी, लांबट, पोट जमिनीला लागतं की काय इतकी बुटकी. भाटव्यांनी ती घेतली. तिच्यासाठी घराच्या बाजूला शेड उठलं आणि शेडात गुळगुळीत फरशी आली. स्वयंपाकघरात तोवर शेणानं सारवलेली जमीन होती आणि पुढेही तीच राहिली. आमच्याकडे हवेत कोळशाची बारीक धूळ असते, सकाळी वाळत घातलेलं धोतर संध्याकाळी आजोबांचं दिसतं. त्या धुळीपासून गाडीला जपायला बाईच्या जुन्या सुती लुगड्यांची एक प्रचंड गोधडी शिवली गेली. बाईनं स्वतःच ती शिवली. नवीन कापड रंगावर ओरखडा काढतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं काढत नाही, असं भाटवे म्हणाले. बाईला त्यात कौतुक दिसलं. गाडीला तिनं नाव ठेवलं, पाहुणी. “पाहुनीले काम सांगाचं नसते,” ती म्हणायची. “तिले बसवाचं, पुसाचं, आन् पाहाचं.”

पाहुणी खरोखरच कुठे जात नसे. भाटव्यांचं म्हणणं असं की ही गाडी बिघडत नाही. आणि बिघडू नये म्हणून ते तिला बाहेर काढत नसत. इकडचे रस्ते तिच्यासाठी बनले नाहीत, इकडचं पेट्रोल तिच्या पोटाला मानवत नाही, इकडच्या पोरांच्या हातात खिळे असतात. फक्त रविवारी सकाळी ते शेडातच तिचं इंजिन सुरू करत, बॅटरी मरू नये म्हणून. त्या वेळी बाई मागच्या सीटवर बसे. चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला आहे त्याला बाईचा हेतू लगेच कळेल. गाडीत गारवा सुटायचा, आणि बाई मांडीवर सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडायची. शेडाची दोन्ही दारं उघडी, पुढे चाकावर दोन्ही हात ठेवून भाटवे ताठ बसलेले, मागे बाई खडे वेचते आहे, आणि गाडी जागची हललेली नाही. मी एकदा विचारलं, “बाई, कुठपर्यंत आलीस?” ती सुपातून डोळे न काढता म्हणाली, “सिंदेवाही गेलं मागं.”

हे ती उगाच म्हणाली नव्हती. आमचं माहेर, म्हणजे तिचं माहेर आणि माझं गाव, सिंदेवाहीच्या पुढे जंगलात आत आहे. दिवाळी झाली, भाऊबीज उरकली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. देवाचं होतं, दुकानं लागतात, नाटक होतं, पण खरं म्हणजे त्या दिवशी गावच्या साऱ्या लेकी माघारी येतात. कोण आली, कशी आली, कोणाबरोबर आली, हे वेशीवरच्या पिंपळाखाली बसलेल्या बाया पाहत असतात. बाई लग्न होऊन गेली ती बैलांच्या रेंगीतून. पुढे दर मंडईला ती एसटीनं यायची, सिंदेवाहीला बस बदलून, मग उरलेली वाट मिळेल त्यानं. तिला आयुष्यात फार काही हवं असलेलं मी पाहिलं नाही. पण पाहुणी घरात आल्यापासून एक गोष्ट तिनं धरून ठेवली. “एकडाव मंडईले मले पाहुनीतून न्या. वेशीपासून देवळापरेंत. बस. मंग तुमी जिंदगीभर झाकून ठेवा तिले.” भाटवे म्हणत, “नेऊ न. काऊन नाई नेऊ?” आणि दर वर्षी काहीतरी निघे. एका वर्षी उंदरानं आतली वायर कुरतडली. ती वायर बाहेरून यायला दिवाळीची होळी झाली. भाटव्यांना त्यात गाडीचा दोष दिसला नाही. “उंदीर देशी होता,” ते म्हणाले.

माझ्याकडेही गाडी होती. देशी, छोटी, दुसऱ्याकडून घेतलेली. तिला भाटवे डबा म्हणत, आणि मी त्यावर कधी हरकत घेतली नाही, कारण ती डबाच होती. मूल रस्त्यावर मला नावानं ओळखणारी जितकी माणसं आहेत ती सगळी मेकॅनिक आहेत. कधी ती ताराच्या तुकड्यावर चालली, कधी सायकलच्या ट्यूबच्या चिंधीवर, आणि एकदा एका भल्या माणसानं नळी गळते तिथे कपड्याचा साबण दाबून बसवला त्यावर मी थेट घरी आलो. रविवारी आमचा वाद ठरलेला. भाटवे म्हणत, “जे बिघडत नाई ते चांगलं.” मी म्हणे, जे बिघडलं तरी जागच्या जागी सुधरतं ते चांगलं. ते जाडीचे आकडे सांगत, पत्र्याची, रंगाची, रबराची. मी पुस्तकातलं सांगे. त्यांना वाटे मी लोखंडाला हात लावलेला नाही, आणि ते खरं होतं. मला वाटे त्यांनी गाडीला रस्ता दाखवलेला नाही, आणि तेही खरं होतं. बाई चहा ठेवून जाताना म्हणायची, “तुमी दोघं भांडा खुशाल. मले येवढंच सांगा, कोनती नेऊन सोडते?”

एका वर्षी भाटवे निघाले. खरोखर निघाले. बाईनं हिरवं काठाचं लुगडं नेसलं, गोधडी निघाली, पाहुणी उन्हात आली आणि शेजाऱ्यांनी ती पहिल्यांदा उजेडात पाहिली. मी आदल्या दिवशीच गावी गेलो होतो, त्यामुळे त्या प्रवासाची हकिगत मला बाईकडून कळली. चंद्रपूरपर्यंत ठीक. पुढे कोळशाच्या आणि खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याचं जे केलं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. भाटवे बैलगाडीच्या चालीनं चालले होते, आणि खरंच एक बैलगाडी त्यांना मागे टाकून गेली. प्रत्येक खड्ड्यापाशी ते थांबत, उतरत, जमिनीवर कान लावल्यासारखे आडवे होत, काडी धरून गाडीचं पोट आणि खड्ड्याचा काठ यांतलं अंतर पाहत. अंतर कमी वाटलं की म्हणत, “तू उतर जरा. वजन कमी झालं का निघते.” बाई उतरे. गाडी खड्डा ओलांडे, बाई मागून चालत जाऊन बसे. पुढे पुढे बसण्यात काही अर्थ राहिला नाही. गावाच्या अलीकडे नाल्यावर एक रपटा आहे, खालून पाणी जायला नळ टाकलेला बुटका पूल. पावसानं त्याची एक कड खचलेली होती. भाटवे त्या रपट्यापाशी थांबले, काडी लावली, पुन्हा लावली. पलीकडे पिंपळ दिसत होता. ताशाचा आवाज येत होता. ते म्हणाले, “नाई जमत.”

मी वेशीवर होतो. पिंपळाखालच्या बायाही होत्या, कारण बाई पाहुणीतून येणार हे तिनंच भाऊबीजेला फोनवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. काळीपिवळी जीप आली, दाटीवाटीनं भरलेली, आणि तिच्या मागच्या दांड्याला धरून, पदर खोचून, पायाला गुडघ्यापर्यंत लाल धूळ लागलेली बाई उतरली. भाटवे गाडी उलटी फिरवून अंधार पडायच्या आत भद्रावतीला परतायला निघून गेले होते. बायांपैकी कोणीतरी विचारलं, “काऊन वो बाई, पाहुनी कुठी हाय?” बाई हसली. म्हणाली, “नाल्यापासून लाजली.” सगळ्या हसल्या. मी तिच्या पायावर पाणी घातलं तेव्हा ती हसत नव्हती. त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. मी मात्र काढत राहिलो, मनातल्या मनात, आणि भाटव्यांच्या प्रत्येक विनोदाला आतून एक उत्तर देत राहिलो.

मग बाईच्या पोटात गाठ निघाली. नागपूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. पाहुणी त्या काळात एका सुट्या भागासाठी शेडात थांबली होती. तो भाग बाहेरून निघाला होता, मुंबईत आला होता, कुठल्याशा कागदासाठी अडला होता, असं भाटवे रोज नवं सांगत. बाईला मीच नेत असे, माझ्या डब्यातून. भाटवे मागे तिच्यासोबत बसत, तिचं डोकं मांडीवर घेऊन, डोक्याखाली उशी, उशीखाली स्वतःचा हात, धक्का लागू नये म्हणून. आणि सबंध वाट गाडीला नावं ठेवत. “हे काय वाजून राह्यलं? पुस्तकवाले, तुमचा हा दरवाजा हाय का टीनपाट?” बाई डोळे मिटून ऐकत असे. मला राग येई. आता वाटतं की ते बोलत राहिले नसते तर त्या गाडीत दुसरा कोणता आवाज आला असता, आणि तो कोणाला ऐकवला नसता. दिवाळीच्या सुमारास एका परतीच्या वाटेवर बाई म्हणाली, “यंदा न्याल न मंडईले?” भाटवे म्हणाले, “पार्ट येऊ दे.”

दिवाळी झाली आणि बाई गेली. आमच्या गावची मंडई तिच्या तेराव्याच्या आधीच होऊन गेली. कोणी थांबवा म्हटलं नाही, आणि तसं म्हणायची रीतही नाही.

पार्ट आला. तो यायचाच होता. भाटव्यांनी तो स्वतः बसवला, वर्कशॉपमध्ये बसवला असता तसा, शर्ट काढून. पाहुणी एका किल्लीत सुरू झाली. अस्थी मार्कंड्याला, वैनगंगेत सोडायच्या ठरल्या होत्या. आमच्याकडे पुष्कळ लोक तिथेच नेतात, नदी तिथं उत्तरेला वाहते म्हणून. सकाळी मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा भद्रावतीपर्यंत येताना एक वाक्य तयार करून आलो होतो. भाटवे, आता तरी पाहुणीला घराबाहेर काढता का. एवढंच. वर्षानुवर्षं मनात घोळवून ते फार नेमकं झालं होतं. भाटवे ओसरीवर लाल फडक्यात बांधलेलं मडकं घेऊन बसले होते. शेडाचं दार उघडं होतं, गोधडी काढून ठेवलेली होती, गाडी पुसलेली होती. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, “तुमची काढा.”

मी शेडाकडे बोट केलं.

“आदी गावाकडून जाऊ. मंग मार्कंडा,” ते म्हणाले. “मधात थांबाले नको पाह्यजे. माह्या गाडीचा भरवसा नाई, बाबू.”

त्यांनी मला कधी बाबू म्हटलं नव्हतं. बाई म्हणायची.

डबा आपल्या स्वभावाप्रमाणे मूलच्या पुढे बंद पडला. वाफा निघाल्या. मी खाली उतरून नेहमीच्या माणसाला फोन लावत होतो, तेवढ्यात भाटव्यांनी मडकं माझ्या हातात दिलं, बाह्या वर केल्या आणि बॉनेट उघडून आत वाकले. ज्या गाडीला त्यांनी आजवर नुसत्या शिव्या दिल्या तिच्यात त्यांचे हात कोपरापर्यंत गेले. हातपंपावरून पाणी आणलं, नळी आवळली, काळे झालेले हात गवताला पुसले. गाडीविषयी एक शब्द बोलले नाहीत. मला ते मौन आवडलं नाही. मला त्यांच्या शिव्यांची सवय झाली होती. रपट्यावर गाडीचं बूड एकदा जोरानं घासलं आणि आम्ही पलीकडे गेलो.

वेशीवर आमचे चुलते, पांढऱ्या मिशांचे, काठी टेकून उभे होते. त्यांना निरोप गेला होता. ते पुढे आले आणि हळू आवाजात म्हणाले, “जवाईबापू, हाडं शिवेच्या आत नाई आनत. तुमाले तं मालूम हाय.” मलाही मालूम होतं. वाटभर मी त्याचा विचार केला नव्हता, किंवा करायचा टाळला होता. पलीकडे मैदानात मंडईचे बांबू अजून उभे होते, कागदाच्या पताका लोंबत होत्या, देऊळ स्पष्ट दिसत होतं. वेशीपासून देवळापर्यंत, तिनं मागितलं होतं तेवढंच अंतर. भाटवे म्हणाले, “मालूम हाय जी. आमी इथंच थांबतो. बायायले येवढं सांगा, आली म्हणून.”

मग गावच बाहेर आलं. पिंपळाखालच्या बाया आल्या, त्यांच्या सुना आल्या. मागच्या सीटवर खिडकीशी ठेवलेलं ते लाल फडकं पाहायला त्या एकेक करून वाकत होत्या. चुलतीनं पदरातून उकडलेले शिंगाडे काढले आणि मडक्याशेजारी ठेवले. “मंडईचे हायत,” ती म्हणाली, “तिच्यासाठी ठेवले होते.” कोणी मोठ्यानं रडलं नाही. सगळ्या गाडीभोवती उभ्या राहिल्या, काचेवर हात ठेवून, जसं नव्या गाडीतून आलेल्या लेकीला पाहायला उभ्या राहतात. चुलत्यांनी गाडी पुढून मागून पाहिली. इतकी वर्षं ज्या गाडीविषयी ऐकलं ती हीच का, असं त्यांच्या मनात असावं.

“विलायती म्हणत होते न तुमी? हे तशी दिसत नाई.”

“ते घरी हाय,” भाटवे म्हणाले.

“काऊन? आज तं आनाची होती.”

भाटव्यांनी डब्याच्या टपावर तळवा ठेवला. मग म्हणाले, “ते पोचत नाई, काका.”

आम्ही निघालो. ते पुढे माझ्या शेजारी बसले नाहीत, मागे मडकं मांडीवर घेऊन बसले. मी गाडी सावकाश घेत होतो. रस्ता वाईट होता, आणि मला वाटलं तेच बरोबर आहे, या वेळी तरी खड्डे चुकवावेत.

“जरा जोरानं घ्या,” ते म्हणाले.

“धक्के बसतील, भाटवे.”

“बसू द्या. तिले हळू जानं आवडे नाई.” मी आरशात पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते, दोन्ही काळे हात मडक्याभोवती होते. “मले मालूम होतं,” ते म्हणाले.

मी पाय दाबला. गाडीचा प्रत्येक पत्रा आपापल्या आवाजात वाजू लागला आणि दोन्हीकडचं जंगल भराभर मागे जाऊ लागलं.